माहेरची दिवे, सासरची दिवे

माझ्या आईने लग्नानंतर आडनाव बदललं नाही. त्यात बंडखोरी वगैरे काही नव्हती. माहेरची ती दिवे होती आणि सासरही दिव्यांचंच मिळालं. कचेरीत लग्नाची नोंद करताना कारकुनाने विचारलं, "आधीचं आडनाव?"

"दिवे."

"आता लावणार ते?"

"दिवे."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "बाई, मागे रांग आहे. थट्टा घरी करा."

पण त्या कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचायला आईला जे काय करावं लागलं, ते ऐकण्यासारखं आहे.

आमच्या गावात डोळे मिटून दगड मारला तर तो दिव्यालाच लागेल, असं लोक म्हणायचे. शाळेत मास्तर म्हणाले, "दिवे, उभे राहा," की अर्धा वर्ग उभा राहायचा. मग मास्तर म्हणायचे, "दिवे मालवा," आणि सगळे खाली बसायचे. डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडरने "दिवे!" असा पुकारा केला की बाकावरचे सगळे गुडघे धरून उठायचे आणि एकमेकांकडे बघायचे. परीक्षेत कुणी नापास झालं, कुणाचा धंदा बसला, की ऐकणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य: "काय दिवे लावलेस!" इतर घरांत तो टोमणा असेल. आमच्याकडे ती रोजची हजेरी होती.

अशा गावात माणसाला आडनावापुढे काहीतरी शेपूट लागतंच. त्यामुळे कुणी जिन्याखालचे दिवे होते, कुणी दोन-सायकली दिवे. एक होते खोकला दिवे. एक गप्प दिवे होते, ते लग्नाकार्यातसुद्धा मानेनेच बोलायचे. आईचे वडील सलूनवाले दिवे आणि बाबांचे वडील लाँड्रीवाले दिवे. माझे हे दोन आजोबा. एकाच रस्त्यावर समोरासमोर त्यांची दुकानं होती आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं.

भांडणाचं कारण आडनावच. सलूनवाल्या आजोबांचं म्हणणं असं की दिव्यांचा मूळपुरुष समुद्रातल्या दीपगृहावर होता. वादळात तेल संपलं तेव्हा त्याने स्वतःच्या घरातली खाट, टेबल, दार जाळून ज्योत तेवत ठेवली आणि जहाजं वाचवली. ही गोष्ट ते गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून सांगत, त्यामुळे तिला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. लाँड्रीवाल्या आजोबांच्या मते मूळपुरुष राजाच्या दरबारात होता. संध्याकाळी त्याने पहिला दिवा लावल्याशिवाय राजा तोंड उघडत नसे. यावर त्यांची बायको, म्हणजे माझी आजी, म्हणायची, "पूर्वज दरबार उजळत होते, आणि यांना स्वयंपाकघरातला बल्ब बदलायला महिना लागतो."

"दरबारात म्हणे!" सलूनमधून आवाज यायचा. "काजळी पुसत असतील."

"दीपगृह म्हणे!" लाँड्रीतून उत्तर जायचं. "समुद्र तरी पाहिलाय का आयुष्यात?"

समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. राजाही.

आई तेव्हा एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. तिचा हात इतका बारीक होता की काज उलटं केलं तरी सुलटंच वाटावं. एकदा सलूनवाल्या आजोबांचा केस कापणाऱ्यांच्या संमेलनात सत्कार ठरला. त्यांनी आपला एकुलता एक चांगला कोट समोरच्या लाँड्रीत धुवायला टाकला. भांडण असलं तरी दुसरी लाँड्री लांब होती. कोट कागदात गुंडाळून आला, तसाच ते सभागृहात घेऊन गेले आणि तिथे अंगात चढवला, तर तो भलत्याच कुणाचा. खांद्यात हा घट्ट! तोवर नाव पुकारलं गेलं होतं. आजोबा स्टेजवर गेले, मानचिन्ह घ्यायला हात पुढे केले आणि पाठीत टर्रकन आवाज झाला. पाठ दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून ते प्रेक्षकांकडे तोंड करून, हसत, उलट्या पावलांनी स्टेजवरून उतरले. लोक म्हणाले, "केवढी ही नम्रता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटका कोट घेऊन आई लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहिली. पलीकडे बाबा इस्त्री करत होते.

"हा कोट कुणाचा?" आईने विचारलं.

बाबांनी चिठ्ठी पाहिली. "दिव्यांचा."

"आणि आमचा कोट कुणी नेला?"

"दिव्यांनीच."

"म्हणजे चोर सापडला तरी उपयोग नाही."

बाबा ओशाळले. म्हणाले, "आमचा दोष नाही हो. चिठ्ठीवर आडनाव असतं. त्यातून वाफेने चिठ्ठ्या निघतात. मग अंदाजाने लावतो."

आईने मान वाकडी करून आत पाहिलं. दांड्यांवर ओळीने कपडे लटकत होते आणि प्रत्येकाच्या गळ्यात तीच चिठ्ठी. तिने काही न बोलता आपल्या कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली, लाल दोरा ओवला आणि आजोबांच्या धुवायला आलेल्या एका सदऱ्याच्या कॉलरला आतून चार टाक्यांत छोटीशी कात्री काढली. "हे सलून. आता धुवा, उकळा, पिळा. कात्री जाणार नाही."

मागच्या खोलीत लाँड्रीवाले आजोबा मोठ्या प्रेसवर चादरी दाबत होते. त्यांना सहसा कुणाचं काही आवडायचं नाही. ते बाहेर आले, कॉलर उलटून पाहिली, नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, उद्यापासून येशील का?" ही कुणाची मुलगी हे त्यांच्या लक्षात आलंच नव्हतं. लक्षात आलं तोवर तिने अर्ध्या गावाचे कपडे लावून टाकले होते आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी थांबल्या होत्या, म्हणून ते गप्प बसले.

दोन-सायकलींना तिने एकच सायकल काढली, कारण दोन काढायला कॉलर पुरेना. जिन्याखालच्यांना तीन पायऱ्या. खोकल्याचं चित्र कसं काढणार? तिने कोंबडा काढला, कारण ते भल्या पहाटे खोकून गल्ली उठवायचे. गप्प दिव्यांच्या सदऱ्याला नुसता एक टाका. स्टेजवर फाटलेला कोट त्यांचाच निघाला. तो तिने इतका सफाईने शिवून दिला की त्यांनी चक्क तोंड उघडून "वा!" म्हटलं. त्यानंतर ते बरेच दिवस दमलेले वाटत होते.

बाबांचं काय झालं, ते बाबांनाच उशिरा कळलं. इस्त्री केलेले कपडे दांडीवर लावायचे सोडून ते एकेक करून आईकडे आणून द्यायला लागले. एका दुपारी एक शर्ट तिसऱ्यांदा आणला तेव्हा आई म्हणाली, "यावर खूण आहे."

"हो का? बरं." बाबा तसेच उभे. मग म्हणाले, "आपलं लग्न झालं तर तुला काहीच बदलावं लागणार नाही. आडनावसुद्धा."

"आणि तुला?"

"मला बरंच बदलावं लागेल, असं दिसतंय."

आईने दोरा दातांनी तोडला आणि हसली. झालं.

पुढे मात्र खरी गंमत. आईने ही गोष्ट आपल्या वडिलांना, म्हणजे तिच्या अण्णांना, सलूनमध्येच सांगितली. गर्दीत ते कमी ओरडतील असा तिचा हिशोब. तो चुकला. "अगं, दिव्यांची मुलगी दिव्यांच्या घरात?" अण्णांचा वस्तरा हवेत थांबला. "तो तुझा भाऊ लागतो! एका पूर्वजाची लेकरं आपण!" खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने तसंच बसून राहिलं. उठून जायची सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी लाँड्रीत बाबांनी विषय काढला. लाँड्रीवाले आजोबा म्हणाले, "सलूनवाल्याची मुलगी? ते कुठले दिवे! खरे दिवे आपण. त्यांनी आडनाव कुठूनतरी उचललंय."

ही दोन्ही उत्तरं आई-बाबांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि आईला आधी हसू आलं, मग राग आला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या वडिलांना हाताला धरून रस्त्यापलीकडे आणलं आणि काउंटरपाशी उभं केलं.

"अण्णा म्हणतात, आपण सगळे एक. हे म्हणतात, आपण वेगळे. एक असलो तर तुम्ही दोघे भाऊ झालात, मग भांडता कशाला? आणि वेगळे असलो तर आमचं लग्न अडतंय कशाला?"

दोघे म्हातारे एकमेकांकडे न बघता एकदमच म्हणाले, "ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत निघालं. दिवे मूळचे डोंगरापलीकडच्या जुन्या गावचे, असं दोघांनीही आपापल्या आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. "मग चला," आई म्हणाली. "तिथे जाऊन विचारू. तिथले दिवे सांगतील ते खरं."

दोघेही तयार झाले, कारण दोघांनाही आपणच जिंकणार याची खात्री होती.

बसमध्ये एक आजोबा पुढे बसले, दुसरे मागे, मध्ये आई आणि बाबा. घाटातली वळणं सुरू झाली आणि सलूनवाल्या आजोबांचा चेहरा भेंडीसारखा हिरवा झाला. पोटातलं सगळं खिडकीबाहेर गेलं. मागून एक हात आला. हातात कडक इस्त्रीचा, चौपदरी घडीचा पांढराशुभ्र रुमाल. "पुसा," लाँड्रीवाले आजोबा म्हणाले. "आणि समोर लांब बघा, म्हणजे मळमळत नाही." पुढचा घाट दोघांनी एका बाकावर बसून पार केला. बोलले नाहीत, पण बसले.

गाव उताराचं होतं, फरशीचे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना बसकी दुकानं. स्टँडवर चहाची टपरी होती. सलूनवाल्या आजोबांनी छाती काढून विचारलं, "इथे दिवे कुठे आहेत?"

चहावाल्याने गाळणीनेच वर दाखवलं. "तो काय खांबावर. एक आहे. तोही लागत नाही."

"तसे नाही हो. आडनावाचे दिवे."

"असं आडनाव असतं?" चहावाल्याने विचारलं.

मग चौघांनी गाव पालथं घातलं. दुकानांच्या पाट्या वाचल्या. शाळेच्या शिपायाला विचारलं, दवाखान्यात विचारलं, पोस्टमनला विचारलं. गावात दिवे आडनावाचं एकही घर नव्हतं. दोघा आजोबांना वाटलं होतं, आपल्याला पाहून कुणीतरी मिठी मारेल. मिठी राहिली बाजूला, लोक नाव परत परत विचारत होते. शेवटी पोस्टमनलाच दया आली. "उताराच्या टोकाला एक पत्र्याचं काम करणाऱ्या आजी आहेत. गावातलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांना विचारा."

आजी दुकानाच्या दारातच बसल्या होत्या, एका झारीच्या नळीला डाख देत. निखाऱ्यावर तापवलेली तांब्याची कांडी लावली की कथिल वितळून सांध्यात चकचकीत धावत जायचं. आजूबाजूला नरसाळी, डबे, मापं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली नळी थंड होऊ दिली आणि मग इतक्या जोरात हसल्या की आतून त्यांची सून बघायला आली.

"अहो, इथे कसे मिळतील दिवे? इथे सगळं गावच दिवे करायचं. कंदील, चिमण्या, टांगायचे, भिंतीवरचे. घरोघरी हेच काम. मग दिवेवाला म्हणून हाक कुणाला मारायची? मारली तर गाव उठेल."

"मग आमचं आडनाव?"

"ते तुमच्याकडच्यांनी ठेवलं. इथून माणसं हातगाडीवर दिवे लादून डोंगरापलीकडे जायची, विकायला. तिकडे लोक म्हणणार, दिवेवाला आला. जो परत आला तो इथे परत आपल्या नावाने राहिला. जो तिकडेच रमला तो दिवे झाला. माझा सख्खा काका तसा गेला. तिकडे दिवे झाला. इथे आम्ही त्याला पळपुटा म्हणतो."

"म्हणजे दिवे हे एक घराणं नाही?" आईने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"कसलं घराणं, बाई! डझनभर घरांतली माणसं गेली. कुणाची कुणाशी ओळखसुद्धा नव्हती. आणि सगळी इथलीच होती असंही नाही. माझा काका थकला तेव्हा त्याने गाडी विकली. घेणारा कुठला कोण. पण गाडीवर दिवे होते, म्हणून तोही दिवे. त्याच्याकडे कामाला राहिला तोही दिवे."

"दीपगृह वगैरे…" सलूनवाले आजोबा चाचरले.

"समुद्र कुठेय इथे?"

"दरबार?" लाँड्रीवाल्या आजोबांनी विचारलं.

"राजा तुमच्याकडे असेल. इथे आला नाही कधी."

बाबांनी विचारलं, "आजी, तुमचं आडनाव काय?"

"आम्हाला नदीकडचे म्हणतात," आजी म्हणाल्या. "नदी कुठली ते विचारू नका. मीही शोधतेय."

दोघे म्हातारे बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आई सांगते, तिला त्या क्षणी त्यांची फार दया आली. एकाचं जहाज बुडालं होतं, दुसऱ्याचा दरबार उठला होता.

मग सलूनवाले आजोबा म्हणाले, "म्हणजे आपण फेरीवाल्यांची पोरं."

लाँड्रीवाले आजोबा समोरच्या डोंगराकडे बघत होते. "हातगाडी घेऊन त्या घाटाने गेले," ते म्हणाले. "काचेचं सामान. तुम्हाला रिकाम्या हाताने बसमध्ये बसून तो घाट झेपला नाही."

"नाही झेपला," सलूनवाले आजोबा म्हणाले. आणि दोघेही हसायला लागले. रागावलेली म्हातारी माणसं एकदा हसायला लागली की आवरत नाहीत, तसे.

परतीच्या बसमध्ये ते शेजारी बसले. अर्ध्या घाटापर्यंत चढ किती अवघड, एक तरी काच फुटली असेल का, यावर चर्चा. घाट उतरेपर्यंत "आमच्या पणजोबांची गाडी मोठी असणार" इथवर गाडी आली. गाव आलं तेव्हा पहिली हातगाडी कुणाची पोचली यावर दोघांचं जोरदार भांडण चालू होतं. आईने बाबांना कोपराने ढोसलं. लग्नाला आता कुणाचीच हरकत नव्हती. त्यांना वेळच नव्हता.

लग्न झालं, कारकुनाने मुकाट्याने दोनदा दिवे लिहिलं, आम्ही भावंडं झालो. आई लाँड्रीत काउंटरवर बसायची ती बसायचीच. आडनावाचा खुलासा गावभर झाला होता. थोडे लोक नाराज झाले, कारण दीपगृहाची गोष्ट खरोखरच चांगली होती.

मी शाळेत असताना एकदा इस्पितळातून लाँड्रीत फोन आला. बाजारात एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन पडले होते. खिशात काही नाही, शुद्ध नाही. कॉलरमध्ये आतून दोऱ्याने काहीतरी काढलंय, लाँड्रीची खूण असावी, म्हणून नर्सने अंदाजाने फोन लावला होता.

"काय काढलंय?" आईने विचारलं.

"नरसाळं असावं."

"नरसाळं नाही, बिगुल आहे तो," आई म्हणाली आणि काउंटर तसाच टाकून निघाली. ते बँडवाले दिवे होते. बँड कधीच बंद पडला होता, बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. इस्पितळात नर्सने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मी दिवे. हे बँडवाले दिवे."

"हेही दिवेच ना? मग इथे सही करा."

आईने सही केली. ते शुद्धीवर येईपर्यंत ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "माझं धुणं झालं का?"

"झालं. इस्त्री राहिलीय. तोवर पडून राहा."

बरे झाल्यावर ते दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागले. सलूनवाले आजोबा त्यांच्या मिशा कापून द्यायचे आणि आम्हाला बजावायचे, "काका म्हणायचं त्यांना." मी एकदा म्हटलं, "पण आजोबा, आपलं रक्ताचं नातं नाही, हे तुम्हीच तर जाऊन विचारून आलात." आजोबा म्हणाले, "जास्त बोलू नकोस. काकांना वाढ." बँडवाले काका पुढे कित्येक वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटांनी ताल धरत जेवले.

आता दोन्ही आजोबा नाहीत. लाँड्री माझा भाऊ चालवतो. मशिनं आली, कपड्यांना छापील पट्ट्या आल्या. आई दुपारी काउंटरमागे खुर्ची टाकून बसते आणि ये-जा करणाऱ्यांची चौकशी करते. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या गेल्या वर्षी आम्ही भाड्याने दिल्या. फार लांबून आलेलं जोडपं, त्यांना एक मुलगी. त्यांचं आडनाव असं लांबलचक आणि जोडाक्षरांनी भरलेलं, की ते म्हणताना गल्लीतल्या लोकांची जीभ वळेना. दारावर पाटी मात्र दिव्यांची. दूधवाला त्यांना दिवे म्हणायला लागला, मग पार्सलवाला, मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

एक दिवस ती बाई वैतागून खाली आली. "आजी, सगळ्यांना सांगा ना. आम्ही दिवे नाही हो."

"आम्हीही नव्हतो," आई म्हणाली. मग तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "तुमचं खरं आडनाव काय? सावकाश सांग."

तिने सांगितलं. आईने म्हणून पाहिलं, चुकलं. तिने परत सांगितलं. आई परत चुकली, तेव्हा दोघी हसल्या. चहा थंड होईपर्यंत हे चाललं होतं. शेवटी आईला ते नीट जमलं. गल्लीत ते आडनाव बरोबर म्हणणारी अजून तरी ती एकटीच आहे.